पाणी किती वाजता येतं?

नाशिकमध्ये भाड्याचं घर बघायला गेलं की पहिला प्रश्न पाण्याचा. भाडं, डिपॉझिट, लिफ्ट, पार्किंग हे सगळं मागाहून. ‘पाणी किती वाजता येतं?’ एवढ्या एका प्रश्नावर मुरलेला भाडेकरू अर्धं घर ओळखतो. ‘चोवीस तास हो, काळजीच नको’ असं उत्तर आलं की समजावं, बोअरचं आहे आणि एप्रिल उजाडला की त्याचा घसा कोरडा पडणार. ‘सकाळी सहा ते सव्वासात, तेही खाली जोरात आणि तिसऱ्या मजल्यावर बारीक’ असं कुणी सांगितलं तर तो घरमालक खरं बोलणारा आहे, त्याचं घर घ्यावं.

मुक्ताने मेलबर्नमधलं पहिलं घर व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा माझ्या तोंडून सवयीने तेच निघालं. ती एका रिकाम्या स्वयंपाकघरात उभी होती. मागे दहा-बारा जण तेच घर बघत फिरत होते, कपाटं उघडून बंद करत होते. तिने नळाची दांडी वर केली, पाणी आलं. डावीकडे वळवली, गरम आलं. “आई, इथे हा प्रश्न नसतो गं,” ती हळूच म्हणाली.

मग तिथे कुठला प्रश्न असतो? ते तिला ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच.

त्याच्या महिनाभर आधी, २०२३ च्या जानेवारीत, आमच्या इंदिरानगरच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी मेलबर्नची वाटणी चालायची. मुक्ता नर्स आहे. तिला क्लेटन नावाच्या उपनगरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी मिळाली होती. क्लेटन शहराच्या आग्नेयेला, मध्यापासून वीसेक किलोमीटर. केदारचं, म्हणजे जावयाचं, ऑफिस ऐन शहरात, पण तिथे आठवड्यातून दोनच दिवस जायचं, बाकी घरून काम. आणि केदारचा मावसभाऊ राहतो टार्नीटला. टार्नीट शहराच्या पश्चिमेला, पंचवीसेक किलोमीटर. या तीन ठिपक्यांवरून रेघ ओढली तर ती अख्खं मेलबर्न आडवं कापत जाते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सोसायटीत प्रत्येकाचं कुणी ना कुणी परदेशात आहे. ज्याचा मुलगा न्यू जर्सीत आहे तोही मेलबर्नबद्दल ठामपणे बोलतो. सगळ्यांच्या बोलण्याचा सूर एकच, आपली माणसं जिथे आहेत तिथे राहावं. टार्नीटमध्ये भारतीय भरपूर, रस्त्याने पंजाबी सर्रास ऐकू येते, वाणसामानाची दुकानं आहेत, मराठी घरंही आहेत. केदारच्या आईंनी तर ‘टार्नीट’ हे नाव इतक्या वेळा घेतलं की ते सिन्नरच्या पलीकडचं गाव वाटायला लागलं.

मी काय केलं, तर प्रत्येक उपनगराचं नाशिक करून टाकलं. टार्नीट म्हणजे पाथर्डी फाटा: गावाबाहेर, सगळं नवंकोरं, सगळी जोडपी तरुण, घरं आधी आणि रस्ते मागाहून. ग्लेन वेव्हर्ली म्हणजे कॉलेज रोड: तिथल्या एका नावाजलेल्या सरकारी शाळेच्या हद्दीत घर असलं की मुलाचा प्रवेश होतो, म्हणून त्या हद्दीतली भाडी चढलेली. यारा नदी म्हणजे गोदावरी, गावातले आणि पंचवटीतले अशी वाटणी तिथेही असणारच. (आहे म्हणे. पश्चिमेकडच्या उपनगरांची पूर्वेकडचे लोक चेष्टा करतात.) फुट्सक्रेला भद्रकाली म्हणून बघितलं, पण तिथे उपमा लंगडी पडली आणि मी तो नाद सोडला.

पुराचंही विचारलं. आम्हा नाशिककरांना नदी म्हटलं की गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती दिसतो. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, ही आमची पूर मोजायची पट्टी. २००८ च्या आणि २०१९ च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलेलं ज्यांनी बघितलंय ते घर घेताना नदी किती लांब हे बघतात. केदार हसला. पण दुसऱ्या दिवशी त्यानेच शोधून सांगितलं की मॅरिबिर्नॉन्ग नदीला ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे तीनच महिन्यांपूर्वी, मोठा पूर आला होता आणि काठावरच्या कितीतरी घरांत पाणी घुसलं होतं. त्याच्या यादीतली दोन घरं तिथून जवळ होती. ती गेली. सासूबाईचा एक गुण वाढला.

तो गुण पुढे मी गमावला, ते सांगते.

भूगोल हा माझा विषय. नाशिकरोडच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवला. फेब्रुवारीच्या अखेरीस मुक्ताने एक घर पाठवलं. क्लेटनच्या जवळ, भाडं आवाक्यातलं, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘नॉर्थ फेसिंग’. माझ्या नणंदेने लगेच वास्तूचा मुद्दा काढला, उत्तर चालते, दक्षिण नको. मी म्हटलं वास्तू राहू दे, मला ऊन बघू दे. आपल्याकडे उत्तरेच्या खोलीत ऊन येतच नाही म्हटलं तरी चालेल. मे आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य नाशिकच्या डोक्यावरून जातो, सावली पायाखाली येते, आणि त्या दोन दिवसांच्या मधले तेवढे आठवडे तो किंचित उत्तरेला असतो. एरवी दक्षिणेला. म्हणून उत्तरेची खोली उन्हाळ्यात बरी आणि थंडी-पावसात कोंदट. तर मी मुक्ताला सांगितलं, हे घर नको. ओल धरेल, कपडे वाळायचे नाहीत, हिवाळ्यात काकडून जाल. तिने अर्ज केला नाही.

तीन दिवसांनी, रात्री अकराच्या सुमारास, दूध फ्रीजमध्ये ठेवताना मी जागच्या जागी थांबले. मेलबर्न विषुववृत्ताच्या खाली अडतीस अंशांवर. मकरवृत्ताच्याही दक्षिणेला. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, तो वर्षभर उत्तरेच्या बाजूने जातो. उत्तरेची खिडकी म्हणजे उन्हाची खिडकी! हिवाळ्यात तर दुपारी बारालाही तो उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम एकोणतीस अंश वर असतो, म्हणजे ऊन थेट खोलीत खोलवर येणार. म्हणून तर ती मोठी अक्षरं. हेच आकृती काढून मी दरवर्षी फळ्यावर शिकवलं. एखाद्या मुलीने पेपरात माझ्यासारखं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं, वर ‘नकाशा बघ’ असा शेराही.

मुक्ताला फोन केला. ते घर गेलं होतं. तिथे घरं तशीच जातात.

तिथली घर बघायची रीत मला फार विचित्र वाटली. बहुतेक घरं शनिवारी उघडतात, पंधरा-वीस मिनिटं. एजंट दारात उभा, नाव लिहून घेतो, आत सोडतो. एका घराला मुक्ताने रांगेत तीसेक माणसं मोजली. आवडलं तर अर्ज ऑनलाइन करायचा: ओळखपत्रं, पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा, आधीच्या घरमालकाचं पत्र. काही जण वर स्वतःची ओळख करून देणारं पत्रही जोडतात, आम्ही कोण, काय करतो, घर कसं नीट ठेवतो. लग्नाच्या बायोडाट्यात ‘गृहकृत्यदक्ष’ लिहितात ना, अगदी तसं. गोची एकच, आधीच्या घरमालकाचं पत्र. मुक्ता लग्नाआधी आमच्याकडे आणि लग्नानंतर सासरी. ती कधी भाडेकरू नव्हतीच. केदारच्या पुण्यातल्या जुन्या घरमालकांना मी फोन केला. चांगला माणूस, त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या, ‘मुलगा सज्जन आहे, बाहेर चपला काढतो.’ केदारने त्याचं जसंच्या तसं इंग्रजी करून जोडलं.

पैशांचा एक घोळ आधीच सांगून ठेवते, कारण हा सगळेच करतात. तिथे भाडं आठवड्याचं सांगतात. आपण मनातल्या मनात चारने गुणतो. आठवड्याला ५०० डॉलर म्हणजे महिन्याला २,०००, जमतंय की! जमत नाही. वर्षात आठवडे बावन्न, अठ्ठेचाळीस नव्हेत. बावन्नने गुणून बारांनी भागलं की महिन्याचे २,१६६ निघतात. वर्षाकाठी २,००० डॉलरचा फरक पडतो. डिपॉझिटला तिथे बाँड म्हणतात, आणि नेहमीच्या भाड्याच्या घरांना तो एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. मला आवडलेली गोष्ट म्हणजे हा बाँड घरमालकाच्या खिशात जातच नाही. व्हिक्टोरिया राज्याची एक सरकारी संस्था तो ठेवून घेते. घर सोडताना रंगाचे पैसे कापून घ्यायचे असतील तर ते सिद्ध करावं लागतं. दलालीही भाडेकरूला पडत नाही, ती घरमालक भरतो. हे ऐकून ह्यांचा चेहरा जरा उतरला. कारण पाथर्डी फाट्याला आमचा एक वन-बीएचके आहे आणि तो आम्ही भाड्याने देतो. रंगाचे पैसे आम्हीही कापलेत.

त्या फ्लॅटचं आणखी एक बोलायला हवं. मुक्ताचे अर्ज नामंजूर होत होते. सात, आठ, नऊ. कारण कुणी देत नसे, फक्त ‘दुसऱ्या अर्जदाराला दिलं’ असा ईमेल. एका रात्री ती म्हणाली, “आई, नाव वाचूनच बाजूला ठेवत असतील का गं?” मी म्हटलं, छे, उगाच काहीतरी. फोन ठेवल्यावर ह्यांच्याकडे बघितलं. आम्ही दोघंही गप्प. अंबडच्या कारखान्यातला एक मुलगा चार वर्षांपूर्वी फ्लॅट बघायला आला होता. पगार चांगला, बोलणं चांगलं. ह्यांनी आडनाव विचारलं. मग ‘नॉनव्हेज करता का’ विचारलं. मग म्हणाले, “आमचे पाहुणे येणार आहेत राहायला, सध्या द्यायचं नाहीये.” मी आत चहा करत होते. चहा बाहेर नेला तोवर तो गेला होता. कपभर चहा उरला, तो मीच प्यायले.

आणि एक जवळजवळ फसलेला प्रसंग. नोव्हें‑डिसेंबरात, अजून इथेच असताना, मुक्ताला ऑनलाइन एक घर फार स्वस्तात दिसलं. मालक म्हणे परदेशात, दाखवायला कुणी नाही, बाँड पाठवा, चाव्या कुरियरने येतील. केदारने कार्डसुद्धा हातात घेतलं होतं. मी एवढंच म्हटलं की न बघता तर आपण कांदेही घेत नाही. हे मी शहाणी म्हणून सुचलं असं नाही, त्या दिवशी खरंच लासलगावच्या कांद्याचं पोतं घ्यायचं चाललं होतं.

तर ती दोघं गेली आणि आधी टार्नीटला मावसभावाकडे उतरली. सहा आठवडे. माणसं फार चांगली, दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा बेत, मुक्ताला माहेरपण. ती रोज फोटो पाठवायची: सपाट, झाड नसलेला प्रदेश, लांबच लांब आभाळ, उन्हाळ्याचा कडक उत्तरेचा वारा. तिथे गरम वारा उत्तरेकडून येतो, देशाच्या आतल्या वाळवंटी भागावरून. हे मला आठवत होतं, निदान हे तरी. एकदा शहरातल्या बोळाचा फोटो आला, काळसर दगडी फरसबंदी. खाली लिहिलं होतं, ‘आई, काळाराम मंदिराचा दगड!’ आणि ती फार चुकली नव्हती. मेलबर्नची पश्चिम बाजू ज्वालामुखीच्या बेसॉल्टच्या पठारावर आहे, तिथले बोळ त्याच दगडाने फरसलेत. आमचा दख्खनचा बेसॉल्ट सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, त्यांचा त्यामानाने अगदीच कोवळा. पण दगड एकाच जातीचा. त्या रात्री मला फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

मग तिची ड्युटी सुरू झाली. सकाळची पाळी सातला. टार्नीटला रेल्वे स्टेशनच २०१५ साली झालं, आमच्याकडे सिंहस्थ होता त्या वर्षी. तिथे येणारी गाडी लोकल नाही, गीलाँगच्या बाजूने येणारी डिझेल गाडी, येतानाच माणसांनी भरलेली. मनमाडहून आलेली पंचवटी नाशिकरोडला येते तेव्हा जशी असते तशी. ती पकडायची, शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला उतरायचं, दुसरी गाडी धरून क्लेटन, मग चालत. सगळं धरून एका बाजूने पावणेदोन तास. आणि पहाटेची पाळी गाठायला तीही पुरत नसे, केदार तिला गाडीने सोडायचा. दुपारची पाळी रात्री साडेनऊला सुटायची. परत यायला मध्यरात्र.

मला व्हिडिओवर तिचा चेहरा दिसत होता. ती काही बोलत नव्हती. केदार म्हणत होता, “आई, इथे आपली माणसं आहेत, मुक्ताला एकटं वाटत नाही. भाडीही कमी आहेत. वर्षभर काढू, मग बघू.”

खरं सांगू का, मला त्याचा राग आला नाही. मला ह्यांचा आला. चौतीस वर्षांनी.

१९८९ मध्ये चांदवडहून लग्न होऊन आले तेव्हा आम्ही तिळभांडेश्वर गल्लीत एका वाड्यात दोन खोल्या घेतल्या. हे सातपूरला नोकरीला. ती जागा का घेतली, तर कंपनीची बस अशोकस्तंभावर थांबायची आणि तिथवर चालत सात मिनिटं. सगळ्यांनी म्हटलं, काय छान सोय! वर्षभरात मला नाशिकरोडला शाळेत नोकरी लागली. घर तेच राहिलं. सकाळी उठून वाड्याच्या सामाईक नळावर रांग, दोन हंडे, चार बादल्या, डबे, मग सीबीएसला धावत जाऊन नाशिकरोडची सिटी बस. द्वारकेला ती अर्धा तास अडकायची, पावसाळ्यात जास्त. नंतर सिडकोत घर घेतलं, का? तर सातपूर-अंबड जवळ. माझी शाळा आणखी लांब गेली. अकरा वर्षं मी ती बस केली, कडेवर मुक्ता असतानाही. कुणी दुष्टपणा केला नाही. हे प्रेमळ आहेत, सासूबाई मायाळू होत्या. फक्त ‘घर कुठे बघायचं’ हे बोलणं निघालं की अंतर मोजायची सुरुवात ह्यांच्या कंपनीपासून व्हायची. माझ्या शाळेपासून कुणी मोजलं नाही. मीही नाही. माझ्या डोक्यात आलंच नाही की मोजता येतं.

‘पाणी किती वाजता येतं’ हा प्रश्न तरी कोण विचारतं, आठवून बघा. घरात पाणी जो भरतो तो.

त्या रविवारी मी मुक्ताला एकटीला फोन केला. म्हटलं, वही घे. आठवड्यात कुणाला किती वेळा, किती वाजता, कुठे जायचंय ते लिही. केदार दोनदा शहरात, दिवसाउजेडी. ती पाच वेळा क्लेटनला, त्यातल्या निम्म्या वेळा अंधारात. मावसभावाकडे महिन्यातून दोनदा, सणाला तीनदा. वाणसामान आठवड्यातून एकदा. मग म्हटलं, आता सांग, अंतर कुठून मोजायचं? बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “आई, हे तू आधी का नाही सांगितलंस?” आधी मला सुचलं असतं तर सिडकोत राहिले असते का!

केदारने ती वही बघितली. मुलगा समजूतदार आहे, आकडे समोर आले की वाद घालत नाही. त्याच शनिवारी दोघं क्लेटनच्या आसपासची स्टेशनं एकेक करून उतरून फिरली. आणि मुख्य म्हणजे बुधवारी रात्री दहाला पुन्हा गेली. घर बघायला नव्हे, स्टेशनपासून चालत रस्ता बघायला. दिवे आहेत का, कुठली दुकानं उघडी असतात, किती माणसं दिसतात. शनिवारी सकाळी अकराला कुठलीही गल्ली चांगलीच दिसते.

त्यातून निघालं स्प्रिंगव्हेल. क्लेटनपासून दुसरं स्टेशन. आमच्या एकाही सल्लागाराने हे नाव घेतलं नव्हतं. नाव ऐकताच मी नकाशा उघडला आणि हबकले. उपनगराच्या कडेला भलंमोठं स्मशान! शंभर वर्षांहून जुनं. एके काळी तिथवर प्रेतं न्यायला रेल्वेचा खास फाटा होता, तो पुढे बंद झाला. नणंदेला सांगितलंच नाही. मला स्वतःलाही दोन दिवस लागले. मग आठवलं की पंचवटीत अमरधामच्या वाटेवर माणसं पिढ्यान् पिढ्या राहताहेत, लग्नं लावताहेत, पापड वाळवताहेत.

स्प्रिंगव्हेल व्हिएतनामी लोकांचं. १९७० मध्ये तिथे स्थलांतरितांसाठी एक मोठं वसतिगृह उघडलं. व्हिएतनाम, कंबोडियातून जीव वाचवून आलेली कुटुंबं पुढे तिथे उतरली आणि मग आसपासच घरं करून राहिली. आमच्याकडे फाळणीनंतर सिंधी कुटुंबं देवळालीत आली, तशीच. ‘आपली माणसं’ तिथे फार नाहीत. पण मुक्ताने बाजाराचा व्हिडिओ पाठवला आणि मी तीनदा बघितला. कारली, भेंडी, ओली हळद, मुळासकट कोथिंबिरीच्या जुड्या, आणि विकणारी बाई गिऱ्हाइकावर ओरडतेय. मराठीत ओरडत नाहीये एवढंच. रात्री दहाला तिथल्या खाणावळी उघड्या असतात, म्हणून रस्ता जागा असतो. मुक्ताच्या दृष्टीने हे मावसभावाच्या पुरणपोळीपेक्षा मोठं होतं, आणि मावसभावाची बायको एकटीच अशी होती की जिने ऐकल्या ऐकल्या म्हटलं, “घे तेच.” तीही एका इस्पितळात काम करते. टार्नीटहून.

अकराव्या अर्जाला होकार आला. घर म्हणजे ‘युनिट’, एका ओळीत पाच बैठी घरं, सामाईक रस्ता. आपलं रो हाऊस. दोन खोल्या, जुनी गालिचाची जमीन, न्हाणीघरात गुलाबी फरशा. आणि बसायच्या खोलीची खिडकी उत्तरेला.

ताब्यात घेताना तिथे घराच्या स्थितीचा एक तक्ता देतात. भाडेकरूने पाच कामकाजाच्या दिवसांत तो भरून परत द्यायचा, प्रत्येक ओरखडा, डाग, तडा लिहून, फोटो काढून. मुक्ताने एकशे बारा फोटो काढले. मी म्हटलं एवढे कशाला, तर म्हणाली, “तू आणि बाबा रंगाचे पैसे कापता ना, म्हणून.”

जूनमध्ये एका दुपारी तिने फोन खिडकीत टेकवून ठेवला. साडेचार तासांचं अंतर, माझ्याकडे सकाळचे पावणेआठ, बाहेर मृगाचा पाऊस. तिथे कडाक्याची थंडी, पण खोलीभर तिरपं ऊन पसरलेलं, पार आतल्या भिंतीपर्यंत. ती रात्रपाळी करून आलेली, उन्हाच्या पट्ट्यात गालिच्यावर झोपली होती. मी फोन बंद केला नाही. तशीच बघत भाजी निवडली.

पाथर्डी फाट्याचा फ्लॅट गेल्या महिन्यात रिकामा झाला. बघायला एक मुलगी आली, मुंबई नाक्याजवळच्या दवाखान्यात नर्स, नंदुरबारकडची. ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, पाणी सकाळी साडेसहाला येतं, तासभर, टाकी मोठी आहे, उन्हाळ्यात एक दिवस आड होऊ शकतं. तिने मान हलवली. मग विचारलं, “काकू, रात्री अकराला मुंबई नाक्यावरून इकडे रिक्षा मिळते का?”

नऊ वर्षं तो फ्लॅट आमचा आहे. मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगते.

दुसऱ्या रात्री आम्ही दोघं मुंबई नाक्यावर जाऊन उभे राहिलो. हे कुरकुरत होते, या वयात हा काय खुळेपणा. उड्डाणपुलाखाली दिवे पिवळे, सिंहस्थाच्या कामांनी रस्ता निम्मा खणलेला. शेअर रिक्षा एक दिसली, ती भरलेली. मग वीस मिनिटं काही नाही. मग एक थांबली, त्याने तोंडाला येईल ते भाडं सांगितलं, मी घासाघीस केली, तो निघून गेला. घरी पोचायला पावणेबारा झाले.

मुलीला फोन करून जसं होतं तसं सांगितलं. ती म्हणाली, “मग नको काकू. थँक्यू.” तिने मुंबई नाक्याच्या मागेच दोघींत एक खोली घेतली.

फ्लॅट अजून रिकामा आहे. जाहिरातीत पाण्याच्या वेळेखाली मी आता रिक्षाची वेळही लिहिली आहे: साडेदहापर्यंत शेअर, नंतर भरवसा नाही. हे चष्म्यातून ती ओळ वाचून म्हणाले, “हे कशाला लिहितेस? कोण विचारतं?”